पत्रिकेत माझ्या नावाआधी काय छापू?

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. शाळेत शिक्षिका आहे, वय ४८. दोन वर्षांपूर्वी आमचे हे हार्ट अटॅकनं गेले. आज ते असते तर लग्नाला २६ वर्षं झाली असती. येत्या वैशाखात थोरल्या मुलीचं लग्न आहे आणि पत्रिकेच्या मजकुरावरून घरात वाद लागलाय. दीर म्हणतात, निमंत्रक म्हणून त्यांचं आणि जाऊबाईंचं नाव घालू, माझं नाव खाली 'गं. भा.' लावून येईल. सासूबाईंचंही तेच म्हणणं. त्या स्वतः ३५ वर्षं 'गं. भा.' लावतात. "मी लावलं, मला काय झालं?" असं विचारतात. कन्यादानाला दीर आणि जाऊबाई बसणार हेही सगळे धरूनच चाललेत.

मुलगी पुण्यात नोकरी करते. ती म्हणते, आईच्या नावाआधी 'गं. भा.' आलं तर मी पत्रिकाच वाटू देणार नाही. तिला स्वतःच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' सुद्धा नकोय.

मला कुणाशी भांडायचं नाही. पण खरं सांगू का, मला 'सौ.'ची आठवण येते. शाळेच्या हजेरीपत्रकात माझ्या नावाआधी 'सौ.' होतं. हे गेल्यावर रजा संपवून पहिल्या दिवशी सही करायला गेले, तर 'सौ.'वर लाल शाईनं रेघ मारून वर 'श्रीमती' लिहिलेलं. मी सही केली आणि वर्गावर गेले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला जे नकोसं वाटतं, ते गेल्याचं मला दुःख होतं, म्हणजे मी मागासलेली आहे का? पत्रिकेत काय छापू?

तुमची एक वाचक

*

प्रिय ताई,

तुम्ही नाव कळवलंय, पण ते इथे देत नाही. उत्तरापुरतं तुम्हाला मंगल म्हणते.

मंगलताई, पत्रिकेचं उत्तर त्या मानानं सोपं आहे, म्हणून ते थोडं मागे ठेवते. तुम्ही मागासलेल्या आहात का, हे आधी. मुळीच नाही. तुमच्या मुलीला 'सौ.'मध्ये एक प्रथा दिसते. तुम्हाला त्यात संसार दिसतो. दारावरची पाटी, आहेराच्या पाकिटावरचं 'श्री. व सौ.', भिशीच्या वहीतलं नाव. ते एक अक्षर तुम्ही त्यांच्या जोडीनं वापरत होतात. माणूस गेल्यावर दारातली त्याची चप्पल उचलताना हात थबकतो, तशीच ही आठवण आहे. तिची लाज वाटून घेऊ नका आणि ती कुणाला पटवूनही देत बसू नका.

माझ्या आईला मामाची पत्रं यायची. निळं आंतर्देशीय पत्र, मायना ठरलेला: 'ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.' १९८७ साली माझे वडील गेले. तेराव्यानंतर मामाचं पहिलं पत्र आलं. सवयीनं त्याच्या हातून 'सौ.' लिहून झालं होतं आणि मग लक्षात आल्यावर त्यानं ते गिरवून गिरवून खोडलं होतं. शेजारी, कसंबसं मावेल एवढ्या अक्षरात, 'गं. भा.' आई ते पत्र खिडकीपाशी घेऊन गेली आणि उजेडाकडे धरून बघत राहिली. मजकूर तिनं नंतर वाचला. आधी तिला त्या शाईखालचं अक्षर दिसतंय का ते बघायचं होतं. मी तेव्हा २० वर्षांची होते आणि तुमच्या लेकीसारखीच संतापले होते, मामावर. खोडताना त्याच्या जिवाची काय कालवाकालव झाली असेल, हे मला फार उशिरा कळलं. बहिणीला याहून वेगळं काही लिहिता येतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून तुमची ती लाल रेघ वाचून मला फार वाईट वाटलं. ज्यानं ती मारली त्याच्या मनात वाईट नसेल, 'नोंद बरोबर असावी' एवढंच असेल. पण तुम्हाला विचारायला हवं होतं. बाईच्या नावाआधी 'सौ.' लावावं की 'श्रीमती', हे ठरवणारा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. नवरा गेला की अमुक दिवसांत दुरुस्ती करावी असं कुठे लिहिलेलं नाही. सरकारी आदेशांत तर सहसा सगळ्याच महिलांना 'श्रीमती' लिहितात, लग्न झालेलं असो, नसो, नवरा असो, नसो. तुमच्या शाळेत पहिल्यापासून सगळ्या शिक्षिकांची नावं एकसारखी लिहिलेली असती, तर त्या सकाळी लाल पेन उचलायची कुणाला गरजच पडली नसती. जूनमध्ये नवं हजेरीपत्रक घालतील तेव्हा मुख्याध्यापकांना एवढं सांगा: सगळ्यांची नुसती नावं लिहा, सरांचीही आणि बाईंचीही. तुमच्यानंतर तुमच्या एखाद्या सहकारी बाईवर ती वेळ येईल, तेव्हा तिला निदान त्या रेघेसमोर सही करावी लागणार नाही.

आता शब्दांकडे वळते. तुमच्या घरातला वाद 'गं. भा.' चांगलं की वाईट यावर अडकलाय, आणि मला वाटतं तो तिथून हलवायला हवा.

'श्रीमती'च बघा ना. 'श्रीमान'चं स्त्रीलिंगी रूप, बाकी काही नाही. हिंदीत नवरा हयात असलेल्या बाईला सर्रास 'श्रीमती' म्हणतात. मराठीत तोच शब्द विधवेच्या वाट्याला गेला, आणि इतका पक्का गेला की एखाद्या बाईला चुकून 'श्रीमती' लिहिलं तर ती म्हणते, "अहो, आमचे मिस्टर आहेत!" शब्द बिचारा निर्दोष होता. आपण त्याला बायकांची वर्गवारी करायच्या कामाला लावलं आणि त्या कामाचा डाग त्याला लागला.

'गंगा भागीरथी' तर मानाचाच शब्द. गंगेसारखी पवित्र. अहिल्याबाई होळकरांच्या नावाआधी 'गंगाजल निर्मळ' लावलेलं आपण वाचतो. त्यांचे यजमान खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा अहिल्याबाई २८ वर्षांच्या होत्या. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही. पुढे १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं. एवढा कारभार पाठीशी असलेल्या बाईला ते बिरुद शोभलं. पण साध्या घरातल्या बाईला हा मान पाकिटापुरता मिळाला. पाकिटावर गंगा, आणि घरात केशवपन, विधवेनं नेसायचं लाल आलवण, माजघरातला कोपरा, हळदीकुंकवाच्या ताटापासून चार हात लांब. ज्यांनी तिला पवित्र म्हटलं, त्यांनीच तिला शुभकार्यात मागे बसवलं. तुमच्या लेकीला 'गं. भा.'चा राग येतो तो या मागे बसवण्याचा आहे. ते ती नीट शब्दांत मांडत नसेल, पण तिचं चुकलेलं नाही.

आणि याच कामाला लागलेले आणखी किती शब्द! सवाष्ण हा सुवासिनीवरून आलेला, अहेव हा अविधवेवरून. बोडकी हा केशवपनावरून. जुन्या मराठीत विधवेला साधेपणानं 'रांड' म्हणत. आज ती शिवी आहे, ती कशी झाली असेल हे सांगायला नको. एवढा शब्दसाठा एका प्रश्नासाठी, हिचा नवरा आहे का? पुरुष जन्मभर 'श्री.' असतो. लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री., बायको गेल्यावरही श्री. 'विधुर' हा शब्द मराठीत आहे, पण तो कुणाच्या नावाआधी छापलेला मी एकाही पत्रिकेवर बघितलेला नाही.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव तयार करावा, असं पत्र आपल्या खात्याला दिलं होतं. इतकी टीका झाली की असा निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. हेतू सन्मानाचा असेल, मी तो नाकारत नाही. पण नवा शब्द आणला तरी काम तेच राहिलं, की थोड्या वर्षांत तोही टोचायला लागतो.

तुमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात याहून बरं काही घडलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर गावांनाही हेच करायला सांगितलं. तिथल्या लोकांनी नवा शब्द शोधत वेळ घालवला नाही, थेट कृतीला हात घातला. तुमचे दीर "पुण्या-मुंबईची थेरं" म्हणत असतील, तर त्यांना सांगा की हेरवाड हे शेतकऱ्यांचं गाव आहे आणि आपल्यापासून फार लांब नाही.

आता सासूबाई. मला या सगळ्यात त्यांचीच जास्त काळजी वाटते. "मी लावलं, मला काय झालं?" या वाक्यावर चिडायला होतं, कळतं मला. पण ते पुन्हा एकदा ऐका. आज सुनेला 'गं. भा.' न लावताही चालतं असं ठरलं, तर आपण ३५ वर्षं जे सोसलं ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहतो. त्या वयात तो फार जड जातो. त्यामुळे त्यांना मुद्दे सांगायला जाऊ नका.

त्यापेक्षा एक करा. तुमच्या लग्नाची पत्रिका घरात कुठे तरी असेलच, ट्रंकेत किंवा अल्बमच्या पाकिटात. ती काढा आणि दुपारी दोघीच असाल तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा. तुमच्या लग्नाला २६ वर्षं, आणि त्यांना विधवा होऊन ३५. म्हणजे पोटच्या मुलाच्या लग्नात त्यांचं नाव पत्रिकेत कुठे आलं होतं? निमंत्रक कुणाला केलं होतं? मंगलाष्टकांच्या वेळी त्या कुठे उभ्या होत्या? तुम्हाला नवी सून म्हणून औक्षण कुणी केलं? हे त्यांना विचारा आणि मग गप्प बसा. बोलायचं ते त्यांना बोलू द्या. कदाचित काहीच बोलणार नाहीत, पत्रिका हातात धरून बसतील. तेही चालेल.

त्यानंतर त्यांना विचारा, "आई, नातीच्या पत्रिकेत तुमचं नाव कसं घालू?" त्या 'गं. भा.'च म्हणाल्या, तर त्यांच्या नावाआधी 'गं. भा.' घाला, आणि मुलीला सांगा की आजीचं आजीनं ठरवलंय. तुमचं नाव तुम्ही ठरवायचं, तर त्यांचं त्यांनी. यात मला काही विसंगती वाटत नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्यानं परस्पर लावण्याशी.

पत्रिका मी अशी करेन. सुरुवातीला, कुलदेवतेच्या नावाखाली, तुमच्या यजमानांचं नाव आणि 'यांच्या स्मृतीस वंदन करून'. त्यांच्या मुलीचं लग्न आहे, त्यांचं नाव पहिलं यायला हवं. मग नेहमीचा मजकूर. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हवं असेल तर तेही, ती ओळ मला स्वतःला आवडते. निमंत्रक म्हणून चार नावं: सासूबाई, तुम्ही, दीर, जाऊबाई. याच क्रमानं, सारख्याच आकाराच्या अक्षरात. दिरांचं नाव हवंच. भावामागं त्यांनी घर धरून ठेवलं असेल, लग्नाची धावपळही तेच करणार आहेत. त्यांना कमीपणा येईल असं काही करायचं नाही. फक्त मुलीची आई यादीच्या तळाला जाणार नाही.

नावाआधी काय? कुणाच्याच काही नको. 'श्री.' नको, 'सौ.' नको, 'श्रीमती' नको. सासूबाईंनी मागितलं तर त्यांचा अपवाद. आणि दिरांनी 'श्री.'चा आग्रह धरला, तर तुम्हीही स्वतःसाठी हवं ते मागा, मात्र ते तुमच्या तोंडून यायला हवं. मला विचाराल तर नुसतं नाव छापा. तुमचं नाव, त्यांचं नाव, आडनाव, जसं २६ वर्षं लिहिलंत तसं. यजमान गेले म्हणून तुमच्या नावातलं त्यांचं नाव कुठे जात नाही. 'सौ.' खोडलं तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की त्यांच्याशी असलेलं नातंच खोडलं. ते नातं नावाच्या मध्ये बसलेलं आहे, तिथे लाल पेन पोचत नाही.

घरात, स्वतःच्या वहीत, आहेराच्या पाकिटावर तुम्हाला 'सौ.' लिहावंसं वाटलं, तर लिहा. कुंकू लावावंसं वाटलं, तर लावा. मंगळसूत्र ठेवलं असेल तर लग्नात घाला. लोक चार दिवस बघतील. लेकीच्या लग्नात आईकडे बघणारच लोक.

एक छोटी गोष्ट, पण यात पत्रिका फसते. छपाईवाल्याकडे मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो. तुम्ही कागदावर काहीही लिहून द्या, तो सवयीनं 'चि. सौ. कां.' आणि 'श्रीमती' टाकतो. प्रूफ दिरांच्या मोबाइलवर येईल आणि ते गडबडीत 'ओके' म्हणतील. तसं होऊ देऊ नका. प्रूफ स्वतः वाचा, कागदावर काढून घ्या आणि त्यावर सही करा.

मुलीला माझा निरोप द्या. तिची ओळ तिची. 'सौभाग्यकांक्षिणी' म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी. वराला मात्र कसलीच इच्छा धरायला लावलेली नसते, त्याला नुसतं 'चि.' असतं. मग तिलाही नुसतं 'चि.' पुरे. चिरंजीव दोघांनीही व्हावं. पण आईच्या ओळीसाठी पत्रिका वाटण्यावर अट घालणं बरं नाही. आजी हट्टानं 'गं. भा.' लावू बघते आणि नात हट्टानं काढू बघते, मधल्या बाईला दोघीही विचारत नाहीत. तिला म्हणावं, आईच्या 'सौ.'बद्दल एकदा आईशी बोल. हजेरीपत्रकाचं तिला सांगा. तुम्ही कुणाला सांगितलं नाही म्हणता, तिला सांगा.

लग्नानंतर ती नाव बदलणार आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विषय निघेलच. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचा क्षण आला की सगळे तिच्याकडे बघतील. म्हणून सासरच्यांशी आधीच बोलून घ्या. नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. आपल्याकडे बाईचं पहिलं नावसुद्धा किती सहज पुसलं गेलं ते बघा. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, ११ मार्च १८९३ ला धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, तेव्हा त्यांचं नाव आनंदी ठेवलं, आणि लोक त्यांना बाया कर्वे म्हणूनच ओळखू लागले. एका आयुष्यात एवढी नावं. नवं नाव हौसेनं घेणाऱ्या मुलीही मला भेटतात, त्यांनी खुशाल घ्यावं. तुमच्या मुलीला आनंदाची एक बातमी मात्र आहे. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. उद्या तिला मूल झालं तर तिचं स्वतःचं नाव बाळाच्या नावाला चिकटून येईल, वडिलांच्याही आधी.

कन्यादानाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण त्यात बरंच दडलंय असं वाटतं. तुम्हाला पाटावर बसायचं आहे का? तुमच्या पत्रात याचं उत्तर नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. बसायचं नसेल, डोळे भरून येतील म्हणून लांबच उभं राहायचं असेल, तर तेही योग्य. बसायचं असेल तर स्पष्ट सांगा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ मध्ये कन्यादानाचा उल्लेख नाही. वधू किंवा वर, कुणाच्याही घरच्या रूढीप्रमाणे विधी करावेत आणि सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो, एवढंच त्यात आहे. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानंही म्हटलं की हिंदू विवाहासाठी कन्यादान आवश्यक नाही. जो विधी झालाच पाहिजे असं नाही, तो एकट्या आईनं केला म्हणून लग्नाला बाध येईल, हे मला कुणी पटवून द्यावं. तुमचे गुरुजी तयार नसतील तर दुसरे मिळतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलंय, तिथे चौकशी करा. आणि दीर आणि जाऊबाईंना बसवायचंच असेल, तर तुम्ही तिघं बसा. पाटाला पाट लावायला मांडवात जागा असते.

हळदीला पहिली हळद आईनं लावायची. याबद्दल मी काही समजावत बसत नाही. कुणी तुमच्या हातातली वाटी घ्यायला आलं, तर देऊ नका.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही शेताचा आणि घराचा ओझरता उल्लेख केलाय, ते यजमानांच्या नावावर आहे असं दिसतं. दोन वर्षांत वारस नोंद झाली का? नावाआधीच्या अक्षरांवर महिनाभर वाद चालला आणि सातबाऱ्यावर नावच नाही, असं मी खूप घरांत बघितलंय. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, त्यांना सारखा हिस्सा. म्हणजे तुम्ही, तुमच्या मुली आणि सासूबाई. हो, सासूबाईसुद्धा. लग्न होऊन गेलं तरी थोरलीचा हक्क राहतो. पण सगळ्यांच्या सह्या आज घरात मिळतील, नंतर पुण्याला फेऱ्या माराव्या लागतील. म्हणून हे काम वैशाखाच्या आधी उरका.

तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं देऊन अर्ज करायचा. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही. त्यात नोंद होऊन मग फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नावं लागतात. अडचण येते ती नावांतल्या फरकानं. आधारवर एक नाव, पासबुकात माहेरचं आडनाव, सेवापुस्तकात तिसरंच, असं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायची वेळ आली तर तेही करा, फार अवघड नसतं. सासूबाईंची कागदपत्रं मात्र तुम्हीच तपासा. त्यांच्या पिढीत बाईचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं सापडतं, आणि एखाद्या कागदावर नुसतंच 'गं. भा.' आणि आडनाव, मध्ये नाव काहीच नाही, असंही मी पाहिलंय. त्यांना पूर्ण नाव लिहायला बसवा, एकदा कोऱ्या कागदावर, मग अर्जावर. तुमचं खाली, त्यांचं वर.